घरगुती सर्व्हरसाठी एसएमपीएस निवडताना : पहिले दहा सेकंद आणि उरलेले वर्ष

गूगल फोटोज या सेवेने छायाचित्रांची अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून बंद केली. दरमहा भाडे भरत राहण्यापेक्षा कुटुंबाची छायाचित्रे, लग्नसमारंभांची चित्रीकरणे, जमिनीची आणि शिक्षणाची कागदपत्रे आपल्या घरीच ठेवावीत, हा विचार संगणकाची थोडीफार जाण असलेल्या अनेकांना त्यानंतर जवळचा वाटू लागला. त्यासाठी लागणारी सामग्रीही दुर्मिळ नाही. वापरातून बाजूला पडलेला एखादा डेस्कटॉप संगणक, त्यात चार, सहा किंवा आठ हार्ड डिस्क आणि ट्रूनॅस अथवा ओपनमीडियाव्हॉल्ट यांसारखी विनामूल्य मिळणारी प्रणाली एवढ्या भांडवलावर घरगुती सर्व्हर उभा राहतो.

या जुळवाजुळवीत डिस्कची निवड सहसा विचारपूर्वक होते. किमतींची तुलना होते, हमीची मुदत पाहिली जाते, जाणकारांचे मत घेतले जाते. मात्र या सर्व डिस्कना वीज पुरवणारा संच, ज्याला दिल्लीच्या नेहरू प्लेसपासून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपर्यंत आणि बंगळुरूच्या एस. पी. रोडपासून चेन्नईच्या रिची स्ट्रीटपर्यंत सगळीकडे एसएमपीएस म्हणूनच ओळखतात, तो बहुधा कॅबिनेटबरोबर आलेलाच ठेवला जातो. नवा घेतलाच, तर ‘किती वॉटचा?’ या एका प्रश्नावर खरेदी उरकते.

वास्तविक, यंत्रातील प्रत्येक डिस्कच्या जिवाशी थेट संबंध असलेला हा भाग आहे. एकच माहिती अनेक डिस्कवर विभागून ठेवणाऱ्या ‘रेड’ पद्धतीत एखादी डिस्क बिघडली तरी माहिती शाबूत राहते. वीजपुरवठा संचातून चुकीचा दाब बाहेर पडला, तर मात्र मूळ डिस्क आणि तिची जोडीदार या दोन्ही एकाच क्षणी निकामी होऊ शकतात. रेड पद्धतीचे संरक्षण डिस्क एकेक करून बिघडतील या गृहीतकावर उभे आहे. सदोष संच ते गृहीतकच मोडतो.

या संचाकडे सर्व्हर दोन परस्परविरोधी मागण्या करतो. यंत्र सुरू होतानाच्या पहिल्या दहा-बारा सेकंदांत त्याला भरपूर वीज हवी असते आणि त्यानंतर वर्षाचे उरलेले सर्व दिवस आणि सर्व रात्री फारच थोडी. खोक्यावर ठळक छापलेला वॉटचा आकडा यांपैकी एकाही मागणीचे सरळ उत्तर देत नाही.

सुरुवातीचा ताण

साडेतीन इंची हार्ड डिस्कमधील तबकड्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे या गतीने फिरतात. ही गती एकदा आली की ती टिकवण्यासाठी मोटरला फारसे कष्ट पडत नाहीत. दळणाचे दगडी जाते पहिल्या फेऱ्याला जड लागते आणि मग हलके फिरते, तसेच येथे घडते. डिस्कच्या उत्पादकांनी प्रसिद्ध केलेल्या तांत्रिक पत्रकांत सुरुवातीच्या क्षणांची विद्युतधारा १२ व्होल्टवर साधारणतः पावणेदोन ते दोन अँपिअर दिलेली आढळते. इलेक्ट्रॉनिक भागाला ५ व्होल्टवर लागणारी वीज त्यात मिळवली, तर एका डिस्कला काही सेकंदांपुरते सुमारे २५ वॉट लागतात. तीच डिस्क फिरू लागल्यावर स्वस्थ असताना ४ ते ६ वॉटवर आणि वाचन-लेखन करताना ६ ते १० वॉटवर भागवते.

डिस्क एक असेल तर हा फरक कोणाच्या लक्षातही येत नाही. आठ असतील तर पहिल्या काही सेकंदांची गरज २०० वॉट होते आणि नंतरची केवळ ४० वॉट. अनेक जण चालू यंत्राचा वीजवापर मोजून त्यावरून संच निवडतात. त्यांचा हिशेब येथेच चुकतो.

उदाहरणादाखल एका साध्या सर्व्हरचे गणित मांडता येईल. इंटेलचा कोअर आय-३ १२१०० हा २०२२ मध्ये बाजारात आलेला प्रोसेसर पूर्ण ताणावर ८९ वॉट घेतो. मदरबोर्ड, मेमरी आणि नेटवर्क यांसाठी ३० वॉट, अधिकच्या डिस्क जोडण्यासाठी बसवलेल्या नियंत्रक कार्डासाठी १५ वॉट आणि पंख्यांसाठी १० वॉट धरले, तर बेरीज सुमारे १४५ होते. त्यात आठ डिस्कचे सुरुवातीचे २०० वॉट मिळवले की एकूण आकडा ३४५ वर जातो. प्रोसेसरवरील पूर्ण ताण आणि डिस्कचा सुरुवातीचा ताण एकाच क्षणी येणे विरळच. तरीही हिशेब तो क्षण धरूनच करावा. त्यावर थोडी मोकळीक ठेवून ४५० ते ५५० वॉटचा चांगला संच अशा सर्व्हरला पुरेसा ठरतो. खेळांसाठी बनवलेल्या संगणकांत ८५० किंवा १,००० वॉटचे संच लागतात ते शक्तिशाली ग्राफिक कार्डांमुळे. घरगुती सर्व्हरमध्ये बहुधा तसे कार्डच नसते.

नियंत्रक कार्डाची आणि डिस्कच्या जोडणीची सोय असेल, तर डिस्क एकाच वेळी न फिरवता एकामागून एक फिरवण्याची तजवीज करता येते. मोठ्या सर्व्हरमध्ये हीच पद्धत रूढ आहे. घरगुती मदरबोर्डांवर मात्र ही सोय असेलच, असे नाही. ती असल्याची खात्री करून घेतल्याशिवाय तिच्या भरवशावर लहान संच घेणे योग्य होणार नाही.

तक्त्यातील आकडे

भिंतीतील २३० व्होल्टच्या विजेचे रूपांतर करून एसएमपीएस संगणकाला १२, ५ आणि ३.३ व्होल्ट अशा तीन मुख्य दाबांची वीज देतो. डिस्कची मोटर १२ व्होल्टवर चालते आणि तिचा इलेक्ट्रॉनिक भाग मुख्यतः ५ व्होल्टवर. संचाच्या पत्र्यावर चिकटवलेल्या तक्त्यात या प्रत्येक दाबावर किती अँपिअर मिळतात, ते दिलेले असते. खरेदीपूर्वी वाचायचा तो हा तक्ता.

समजा, एका संचावर मोठ्या अक्षरांत ४५० वॉट लिहिले आहे आणि तक्त्यात १२ व्होल्टसमोर १६ अँपिअर. म्हणजे १२ व्होल्टवर मिळणारी शक्ती अवघी १९२ वॉट. आठ डिस्क सुरू होतानाच ती संपते. प्रोसेसरच्या वाट्याला काहीच उरत नाही. दुसऱ्या एका संचावरही ४५० वॉटच लिहिले आहे, पण तक्त्यात १२ व्होल्टसमोर ३६ अँपिअर आहेत. त्यातून ४३२ वॉट मिळतात. नाव एक, काम दोन. काही तक्त्यांत १२ व्होल्टचे दोन स्वतंत्र स्तंभ असतात. त्यांतील अँपिअरची सरळ बेरीज करू नये, कारण दोन्हींची मिळून मर्यादा खाली वेगळी दिलेली असते आणि ती बेरजेपेक्षा बहुधा कमी असते.

असा फरक का पडतो, याचे उत्तर थोडे मागे जाऊन शोधावे लागते. आजच्या डेस्कटॉप संगणकांची एटीएक्स ही मांडणी इंटेलने १९९५ मध्ये आणली. त्या काळातील प्रोसेसर ५ आणि ३.३ व्होल्टवर पोसले जात आणि संचांचे बळही त्याच दाबांवर एकवटलेले असे. पेंटियम-४ च्या आगमनाबरोबर, म्हणजे २००० मध्ये, प्रोसेसरसाठी १२ व्होल्टची स्वतंत्र चार पिनांची जोडणी आली. २००३ च्या सुधारित आराखड्यात तर संचाचा मुख्य भारच १२ व्होल्टवर गेला आणि साटा डिस्कच्या वीजजोडणीला स्थान मिळाले. जुन्या आराखड्यावर बेतलेला स्वस्त संच कागदावर ४५० वॉट दाखवू शकतो, कारण त्यातील मोठा हिस्सा आज फारसा न लागणाऱ्या ५ आणि ३.३ व्होल्टचा असतो.

स्वस्त संचांत आणखी एक अडचण दडलेली असते. त्यांत १२ आणि ५ व्होल्टचे नियमन एकत्रच केलेले असते. डिस्कच्या मोटरींनी १२ व्होल्टवर एकदम मोठी मागणी केली, की १२ व्होल्टचा दाब खाली येतो आणि तो सावरताना ५ व्होल्टचा दाब गरजेपेक्षा वर जातो. मोटर उपाशी आणि इलेक्ट्रॉनिक भागाला अजीर्ण, अशी ती अवस्था असते. अलीकडच्या चांगल्या संचांत आधी फक्त १२ व्होल्ट तयार होतात आणि त्यांतून स्वतंत्र परिवर्तकांद्वारे ५ आणि ३.३ व्होल्ट काढले जातात. त्यामुळे एका दाबावरील ताण दुसऱ्यावर उतरत नाही. उत्पादक या रचनेचा उल्लेख ‘डीसी टू डीसी’ असा करतात. अनेक डिस्कच्या सर्व्हरसाठी ही रचना आवश्यक मानावी.

वर्षभराचा हिशेब

घरगुती सर्व्हर अहोरात्र चालू असतो. एक वॉट वीज वर्षभर अखंड वापरली तर ८.७६ युनिट होतात. घरगुती विजेचे दर राज्याराज्यांत आणि वापराच्या टप्प्यानुसार वेगळे आहेत. युनिटला ८ रुपये धरले, तर प्रत्येक वॉटचे वर्षाला ७० रुपये पडतात. कार्यालयात आठ तास चालणाऱ्या संगणकाच्या बाबतीत दुर्लक्षिता येईल असा फरक येथे पाच-सात वर्षांत संचाच्या किमतीएवढा होतो.

संचाच्या कार्यक्षमतेसाठी ‘८० प्लस’ ही प्रमाणन योजना २००४ पासून प्रचलित आहे. तिचे ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम आणि टायटॅनियम असे चढते दर्जे आहेत. ११५ व्होल्टच्या चाचणीत गोल्ड दर्जाच्या संचाने २० टक्के भारावर ८७ टक्के, ५० टक्के भारावर ९० टक्के आणि पूर्ण भारावर ८७ टक्के कार्यक्षमता दाखवावी लागते. भारतातील २३० व्होल्टवर कार्यक्षमता सहसा किंचित अधिकच मिळते. येथवर सारे ठीक आहे. परंतु टायटॅनियम वगळता हे दर्जे २० टक्क्यांखालील भाराविषयी काहीच बोलत नाहीत आणि घरगुती सर्व्हरचा बहुतांश काळ नेमका त्याच टापूत जातो.

वरच्या उदाहरणातील सर्व्हर रात्री स्वस्थ असताना डिस्क फिरत्या ठेवूनही ६० वॉटच्या आसपास मागेल. ४५० वॉटच्या संचासाठी हा भार १३ टक्के आहे, तर ८५० वॉटच्या संचासाठी केवळ ७ टक्के. इतक्या कमी भारावर संचाची स्वतःच्या चलनवलनासाठी लागणारी वीजच हिशेबात ठळक होऊ लागते. समजा, लहान संच तेथे ८५ टक्के कार्यक्षमतेने आणि मोठा संच ७५ टक्के कार्यक्षमतेने चालला, तर भिंतीतून अनुक्रमे सुमारे ७१ आणि ८० वॉट ओढले जातील. वर्षाचा फरक सुमारे ८२ युनिटांचा, म्हणजे साडेसहाशे रुपयांचा होतो. शिवाय वाया गेलेली ही वीज उष्णतेच्या रूपाने त्याच कपाटात साठते.

म्हणून ‘मोठा घेतलेला बरा’ हा दुकानातील सल्ला येथे लागू पडत नाही. पहिल्या दहा सेकंदांची गरज भागवणाऱ्या संचांतील सर्वांत लहान संच निवडावा आणि त्याच्या कमी भारावरील चाचणीचे आकडे मिळत असतील तर ते पाहावेत. सायप्रसमधील सायबेनेटिक्स ही संस्था २३० व्होल्टवरील कार्यक्षमतेबरोबरच संचाच्या आवाजाचीही मोजणी प्रसिद्ध करते. यंत्र झोपण्याच्या खोलीत ठेवावे लागत असेल, तर ती माहिती विशेष उपयोगी पडते. ब्राँझ आणि गोल्ड यांच्या किमतींतील फरक अहोरात्र चालणाऱ्या यंत्रात बहुधा वसूल होतो. गोल्डच्या पुढे जाताना मात्र आपल्या वीजदराने गणित करून पाहिलेले चांगले.

केबलींचा प्रश्न

सर्व्हरमधील सर्वाधिक हानी संचापेक्षा त्याच्या केबलींमुळे होते, असे म्हटल्यास ते अतिशयोक्तीचे ठरू नये.

साटा डिस्कच्या वीजजोडणीत १५ पिना असतात. १२ व्होल्टसाठी त्यांतील तीन आणि प्रत्येक पिनेची क्षमता दीड अँपिअर. म्हणजे एका साटा कनेक्टरमधून १२ व्होल्टवर साडेचार अँपिअरपेक्षा अधिक धारा जाऊ नये. सुरू होताना एक डिस्क दोन अँपिअरपर्यंत ओढते, हे लक्षात घेतले तर एका कनेक्टरवर दोनच डिस्क बसतात. बाजारात मात्र एका साटा कनेक्टरला लावून चार किंवा पाच डिस्क चालवणारी विभाजक केबल सहज मिळते. पाच डिस्क सुरू होताना त्या तीन चिमुकल्या पिनांमधून दहा अँपिअर जाऊ पाहतात. कनेक्टर तापतो, प्लास्टिक मऊ पडते आणि एखाद्या दिवशी जळका वास येतो. संचाबरोबर आलेल्या मूळ केबलवर ओळीने तीन-चार साटा कनेक्टर असतात, त्यांची गोष्ट वेगळी. तेथे प्रत्येक कनेक्टर जाड तारेवरून स्वतंत्रपणे वीज घेतो. एकाच्या पिनांमधून दुसऱ्याची वीज जात नाही.

विभाजक केबल घेणे अटळ असेल, तर ती चार मोठ्या पिनांच्या मोलेक्स कनेक्टरवरून घ्यावी. त्या पिना साटाच्या पिनांपेक्षा बरीच अधिक धारा वाहतात. त्यातही एक मेख आहे. ज्यांच्या साटा टोकाचे प्लास्टिक तारांभोवती वितळवून ओतलेले असते, अशा जोडण्यांत तारा आतल्या आत सरकून एकमेकींना टेकल्याची आणि आग लागल्याची उदाहरणे जगभर नोंदली गेली आहेत. ज्यांत तारा वेगवेगळ्या खाचांत दाबून बसवलेल्या स्पष्ट दिसतात, त्या जोडण्या अधिक विश्वसनीय असतात. किमतीत फारसा फरक नसतो. केबल हातात घेऊन टोकाकडे पाहिले की प्रकार ओळखता येतो.

यापेक्षाही घातक चूक काढघाल करता येणाऱ्या, म्हणजे मॉड्युलर केबलींच्या बाबतीत घडते. या केबलींचे डिस्ककडील टोक सर्वत्र सारखे असते. संचाकडील टोकाला मात्र कोणतेही सर्वमान्य प्रमाण नाही. कोणत्या खाचेत १२ व्होल्ट आणि कोणत्या खाचेत ५, हे प्रत्येक उत्पादक आपापले ठरवतो आणि एकाच उत्पादकाच्या दोन मालिकांतही ते वेगळे असू शकते. टोकाचा आकार जुळतो, केबल सहज बसते आणि चालू करताच डिस्कच्या ५ व्होल्टच्या भागात १२ व्होल्ट शिरतात. एका केबलवर चार डिस्क असतील, तर चारही एका क्षणात जातात. घरात पडून असलेली जुन्या संचाची केबल नव्या संचाला लावून पाहणे म्हणजे विषाची परीक्षा घेणे होय. संच बदलताना जुन्या सर्व केबली काढून त्याच संचाच्या खोक्यात बांधून ठेवाव्यात. नव्या केबली लागल्यास त्या नेमक्या त्याच मालिकेच्या मागवाव्यात.

खरेदीपूर्वी म्हणूनच कनेक्टर मोजणे महत्त्वाचे ठरते. ५५० वॉटचा एक संच पाच साटा कनेक्टर देतो, दुसरा आठ. हे कनेक्टर किती केबलींवर विभागले आहेत, तेही पाहावे. आठ डिस्कसाठी किमान दोन, आणि शक्य असल्यास तीन, स्वतंत्र केबली असाव्यात. हजारो रुपयांच्या डिस्क घेऊन झाल्यावर शेवटी एका विभाजक केबलवर अडायचे, म्हणजे हत्ती गेला आणि शेपूट राहिले असा प्रकार होतो.

याच जोडणीशी निगडित एक विचित्र अनुभव नव्या डिस्कच्या बाबतीत येतो. साटाच्या २०१६ च्या सुधारित प्रमाणानुसार तिसऱ्या पिनेला नवे काम दिले गेले. त्या पिनेवर ३.३ व्होल्ट आले की डिस्कने बंद राहायचे, जेणेकरून मोठ्या केंद्रांतील सर्व्हरमध्ये अडकलेली डिस्क दुरूनच बंद करून पुन्हा चालू करता येईल. जुन्या संचांत त्या पिनेवर ३.३ व्होल्ट कायमच असतात. परिणामी ही सोय असलेली नवी कोरी डिस्क जोडली, तरी ती फिरतच नाही आणि मेलेली समजून परत पाठवली जाते. मोठ्या सर्व्हरसाठी बनवलेल्या किंवा बाह्य डिस्कच्या खोक्यातून काढलेल्या डिस्कबाबत हे विशेष आढळते. ३.३ व्होल्टची तार नसलेली मोलेक्स जोडणी वापरल्यास ती डिस्क सुरळीत चालते.

भिंतीतील वीज आणि यूपीएस

भारतातील घरांत संचाला आणखी एका परीक्षेला सामोरे जावे लागते. वीज जाते, मिनिटाभराने येते, पुन्हा जाते. सर्व्हर वीज येताच आपोआप सुरू होईल असा बेत केलेला असेल, तर अशा प्रत्येक खेपेला सगळ्या डिस्क शून्यातून गती घेतात आणि तोही दाब अस्थिर असताना. ज्या ताणाचा हिशेब दिवसातून एकदाही करावा लागू नये, तो पाच मिनिटांत तीनदा येतो.

यूपीएस त्यासाठी हवा. वीज गेल्यावर बॅटरीकडे वळण्यास साध्या यूपीएसला काही मिलिसेकंद लागतात आणि तेवढा काळ एसएमपीएसने आपल्या पोटातील साठ्यावर काढायचा असतो. एटीएक्सच्या आराखड्यात ही तग धरण्याची मुदत सुमारे १६ ते १७ मिलिसेकंद अपेक्षिली आहे. ५० हर्ट्झच्या विजेचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते, म्हणजे ही मुदत एका आवर्तनाहूनही कमी आहे. आतील मुख्य कपॅसिटर लहान बसवून खर्च वाचवलेल्या संचांची मुदत याहून अल्प असते आणि यूपीएस असूनही यंत्र बंद पडते. दोष मात्र यूपीएसला दिला जातो.

घरातील दिवे-पंख्यांचा इन्व्हर्टर यासाठी वापरायचा झाल्यास तो शुद्ध साइन तरंगाचा आहे आणि त्यावर संगणकासाठीची ‘यूपीएस’ ही स्थिती निवडली आहे, याची खात्री करावी. चौकोनी तरंग देणाऱ्या इन्व्हर्टरवर ॲक्टिव्ह पीएफसी असलेले संच कधी गुरगुरतात, तर कधी तडकाफडकी बंद होतात. आणि इन्व्हर्टर कितीही चांगला असला तरी बॅटरी संपत आल्याची सूचना तो सहसा सर्व्हरला देत नाही. यूएसबी जोडणी असलेला यूपीएस ती देतो. नेटवर्क यूपीएस टूल्स या विनामूल्य आज्ञावलीच्या साहाय्याने सर्व्हर व्यवस्थित बंद होतो. अर्थिंग नसलेल्या खोलीत यांपैकी कशाचाच पुरता उपयोग नाही. तीन पिनांच्या प्लगची मोठी पिन काढून टाकण्याची काही ठिकाणची सवय येथे विशेष घातक आहे.

उष्णतेचा प्रश्नही आहेच. संचातील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य तापमानात दर १० अंशांची वाढ झाली की सुमारे निम्मे होते, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. विदर्भात किंवा राजस्थानात मे महिन्यात बंद कपाटातील हवा किती तापते, याचा विचार करता १०५ अंश क्षमतेचे कपॅसिटर असलेला आणि पाच वर्षांहून अधिक हमीचा संच घेणे हिताचे. भारतीय मानक ब्युरोच्या अनिवार्य नोंदणीचे चिन्ह आणि क्रमांकही संचावर पाहून घ्यावा. ते चिन्ह सुरक्षिततेपुरते असते. कार्यक्षमता किंवा टिकाऊपणाशी त्याचा संबंध नाही.

दोष कोणाचा, हे कसे ओळखावे

अपुरा किंवा थकलेला संच एकदम बंद पडेलच, असे नाही. बहुधा तो आधी डिस्कला बदनाम करतो. एखादी डिस्क अधूनमधून यादीतून नाहीशी होते आणि यंत्र पुन्हा सुरू केल्यावर परत दिसते. सुरुवातीला टकटक असा आवाज येतो. मालक ती डिस्क बदलतो, रेड साठ्याची पुनर्बांधणी सुरू होते आणि त्या काळात सर्व डिस्क तासन् तास एकत्र राबत असताना दुसरीही गळते. एकाच डिस्कची सुटका असलेल्या मांडणीत हा प्रसंग म्हणजे सगळी छायाचित्रे गमावणे.

डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी ‘स्मार्ट’ नोंद ठेवते, ती अशा वेळी वाचावी. तिच्यातील १० क्रमांकाची नोंद तबकड्या फिरवण्याचे किती प्रयत्न फसले ते सांगते आणि १९२ क्रमांकाची नोंद वीज अचानक गेल्याने वाचनशीर्ष किती वेळा घाईने मागे घ्यावे लागले ते सांगते. यंत्र नीट बंद केले जात असूनही हा दुसरा आकडा अनेक डिस्कमध्ये एकदम वाढत असेल, तर संशयाची सुई संचाकडे आणि केबलींकडे वळते. १९९ क्रमांकाची वाढ मात्र बहुधा माहिती वाहणाऱ्या केबलचा दोष दाखवते. तिच्यासाठी एसएमपीएस बदलण्याचे कारण नाही.

खात्री करण्यासाठी साधा मल्टिमीटर पुरतो. मोकळ्या मोलेक्स कनेक्टरवर पारंपरिक रंगांच्या तारांत पिवळी १२ व्होल्टची, लाल ५ व्होल्टची आणि काळी शून्याची असते. एटीएक्सच्या आराखड्याप्रमाणे पाच टक्के इकडे-तिकडे चालते, म्हणजे १२ व्होल्टसाठी ११.४ ते १२.६ आणि ५ व्होल्टसाठी ४.७५ ते ५.२५. हे मापन यंत्र स्वस्थ असताना घेऊन उपयोग नाही. ते सुरू होताना, डिस्क गती घेत असतानाच घ्यावे. दाब ११.४ च्या खाली घसरत असेल, तर नवी डिस्क मागवण्याआधी संच बदलावा. संच उघडून दुरुस्त करण्याच्या भरीस मात्र घरी कोणी पडू नये. त्यातील मुख्य कपॅसिटरवर ३०० व्होल्टहून अधिक दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकून राहतो.